पिवळ्या पावत्या

काब्रांच्या ऑफिसात पंखा फिरला की
माझ्या पावत्या उडायला बघतात.
वर स्टेपलर ठेवते, वर कॅल्क्युलेटर, वर माझा हात.
सगळ्यांवर बोटं उठलेली.
हळद कागदाला सोडत नाही.

ही मोंढ्यातली, दोन क्विंटल हळकुंडांची.
ही गिरणीची. ही पाकिटांची, नांदेडहून आणलेली,
एसटीचं तिकीट तिलाच टाचलंय.
ही नाशिकच्या बाईंनी परत धाडलेल्या पार्सलची:
"फोटोत जास्त पिवळी दिसत होती."
जायचे पैसे माझे, यायचेही माझेच.

काब्रा चष्मा कपाळावर ढकलतात.
"ताई, घरखर्च निराळा, धंद्याचा निराळा.
घरातली किती जागा धंद्याला?"

किती सांगू?
वसमतमध्ये आमच्या खोल्या दोन.
पुढच्या खोलीत दिवसभर काटा, सीलिंग मशीन, पोती.
रात्री पोती भिंतीला लावली की
तिथंच आत्याबाई अंथरूण टाकतात.
सकाळी त्यांच्या पांढऱ्या केसांत पिवळी भुकटी.
मग ती खोली पुरी धरायची,
की त्यांच्या झोपेपुरती वजा करायची?
लाइटचं बिल एक. फोनही एक.
त्याच्यावर ऑर्डरी येतात, श्रावस्तीचा क्लास होतो,
आणि हिंगोलीहून माझी बहीण रडते.
रिचार्जमधले किती रुपये धंद्याचे, किती रडण्याचे?

आणि चाळणीचे?
आत्याबाई रोज चार तास पाय पसरून चाळतात.
त्यांची मजुरी लिहू का, विचारलं.
"दिली का त्यांना?"
नाही दिली.
"मग कशी लिहिणार?"

घरी सांगितलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला.
"मला पगार? काहून, मी पळून जाऊ लाले का?"

दुसऱ्या खेपेला काब्रांनी सोपी वाट दाखवली.
धंदा छोटा, पैसा सगळा खात्यावर आलेला,
त्यावर सहा टक्के नफा धरायचा, झालं.
पावती एकही लागत नाही. कर तसाही शून्य.
"हां, त्याहून जास्त सुटला असेल तर तेवढा दाखवायचा.
सुटला का?"

सुटला का.
तीन वर्षं हेच मला कुणी सांगितलेलं नाही.
नवरा म्हणतो, सुटतंय की.
शेजारीण म्हणते, लई सुटतंय, दारात रोज कुरियरवाला.
मी फक्त पैशाची पाठ बघितली आहे:
रात्री फोनवर टिंग करून आला,
सकाळी गिरणीत, दुपारी फीच्या काउंटरवर.

म्हटलं, साहेब, सरकारला काय सांगायचं ते कायद्यानं सांगू.
आधी मला सांगा.
हा बिस्किटांचा डबा मी उगाच नाही भरला.

जुलै संपत आलेला. बाहेर बाकड्यावर पाच जण.
काब्रांनी घड्याळाकडं बघितलं,
मग उठून पंखा बंद केला.

दीड तास आम्ही दोघं घामात.
ते आकडा विचारायचे, मी तारीख सांगायचे.
कुठली पावती कुठल्या दिवसाची
ते मला वासावरूनही कळत होतं, पण ते बोलले नाही.
खोली त्यांनी अर्धी धरली. फोनचा तिसरा हिस्सा.
बहिणीचं रडणं माझ्या अंगावर.

शेवटी आकडा आला. मोठा नाही.
महिन्याला नऊ हजार दोनशे चाळीस.
म्हणजे दिवसाला तीनशे आठ.
रोजगार हमीवरही जवळपास हेच पडतं,
फक्त इथं डोक्यावर पत्रा आहे.
पण सहा टक्क्यांहून पुष्कळ जास्त. तेवढाच लिहिला, पुरा.
ओटीपी माझ्या फोनवर आला.
सत्यशीला खिल्लारे, व्यवसाय: हळद.

एक तारखेला आत्याबाईंच्या खात्यात
पाचशे रुपये टाकले, पुढच्या साली लिहिता यावेत म्हणून.
त्या बँकेत जाऊन पासबुक छापून आल्या.
उंबऱ्यावर बसून बोटांच्या पेरांवर मोजलं:
तास चार, दिवस सव्वीस.
मग चाळणी बाजूला सारली.

"कमी हायेत," म्हणाल्या.