अर्धा फेरा

जब्बारच्या भंगारात सात शेगडे होते.
पुस्तकात शेगडा. आर्वी ते पुलगाव
कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो वाइसच म्हणेल.

चार नवे, निळे, चकचकीत.
उचलले तर हाताला काही सांगत नाहीत.
एकाच्या मानेत पितळेची शिवण,
म्हणजे मोडून जोडलेला.
एकाला कुणीतरी ऐरण समजून
पाठीत वर्षानुवर्षं घण घातलेले.

सातवा उन्हात, एरंडाच्या बुडाशी,
तोंड वासून. आत मुंगळे.
मूठ फिरवून पाहिली. फिरली नाही.
हातोडीनं हळूच टोला दिला आणि कान लावला:
चिरलेलं बीड खोकल्यासारखं बोलतं.
हा वाजला, शाळेत टांगलेल्या
रुळाच्या तुकड्यासारखा.
मुंगळे बाहेर आले.

"काय पाहून राह्यले भाऊ, नवा न्या ना.
याच्यात तं भाडेकरू हाये."
बत्तीस किलो, भंगाराच्या भावानं.
भाडेकरूंचे पैसे त्यानं लावले नाहीत.

टिनाच्या छपरीत, डिझेलमध्ये बुडवून ठेवला,
यशोधराच्या पापडाच्या पिठाच्या घमेल्यात.
तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
तोही नाही.
चौथ्या दिवशी दोघंही जरा कुरकुरले,
तेव्हा समजलो, सुटतंय.

तारेचा ब्रश. वर चांदी रंग,
त्याखाली हिरवा,
त्याखाली मालडब्याचा तांबडा,
आणि सगळ्यात खाली रंगच नाही,
ओतताना राहून गेलेली वाळूची खरखर.
तिथं पंचानं ठोकलेली अक्षरं, एकेक वाकडं:
लटार
आणि पुढे वेलांटी देता देता
पंच निसटल्याची एक रेघ.

जबड्याचे दात उजवीकडे अजून कोरे.
डावीकडे चार बोटं जागा
झिजून नदीतल्या गोट्यासारखी.
मला आधी वाटलं, माणूस डावखोरा असेल.
मग जिनाच्या फाटकाजवळ चहा विकणारे
झिबलजी म्हणाले,
"लटारी फिटर? नाही गा, उजवाच होता.
जिनाच्या सुऱ्या घासे. हातभर लांब सुरी,
मधात कशी मावन? कडेलेच धरा लागे.
एक्केचाळीस वर्सं तिथंच उभा राहे.
फरशीले खड्डा पडला होता."
मी खड्डा बघायला गेलो.
तिथं आता मंगल कार्यालयाच्या टाइल्स.

वर्ध्याचा हेमराज टर्नर म्हणाला,
"नवे जबडे टाकतो, नट बदलतो.
अर्धा फेरा खालीच जाते याचा."
मुठीची पिन वाकली होती,
तेवढी नवी करून घेतली.
आणि ग्रीस. रंग नाही दिला.
"अर्धा फेरा?" तो म्हणाला.
"जाऊ दे."

काल यशोधरा विळी घेऊन आली.
पातं हलत होतं.
मी ते धरलं, विचार न करता,
डाव्या टोकाला.
मूठ फिरवली.
अर्धा फेरा काहीच झालं नाही.
त्या अर्ध्या फेऱ्यात मी ऐकत राहतो हल्ली,
कशासाठी, ते मलाही नीट माहीत नाही.
मग धरलं त्यानं.
रिबेट बसला, पातं ठाम झालं.

तिनं अंगठ्यानं धार पाहिली.
"आन् माह्यं घमेलं?"