कोन मांगे लागनं?

पहाटे साडेचारला बूट बांधते.
बोरीच्या पुलाखाली पाणी नाही,
नुसतं नदीचं नाव पडलेलं असतं वाळूत.

पहिल्याच दिवशी सुपडू दूधवाल्याने
मोटरसायकल हळू केली, कॅन खणखणले.
"ताई, कोन मांगे लागनं?"
म्हटलं, कोणी नाही.
"मंग काबरं पयी ऱ्हायनी?"

उत्तर शोधत तीन किलोमीटर गेले.
परतताना धाप अशी लागली
की प्रश्नच हरवला.

लोटन आप्पांना विचारलं.
आप्पा चाळीस वर्षं शिपाई,
गावातल्या तत्त्वज्ञानाच्या संस्थेत.
आत पंडित भांडायचे, 'मी' आहे की नाही;
बाहेर आप्पा कप मोजायचे.
"नऊ जन 'मी नई' म्हनेत,
चहा दहा लागे."
दहावा कोणाचा?
"मना. मी कोठे नई म्हनं?"

मग तेही येऊ लागले, सायकलवर.
सायकल सत्तरीची, आप्पा त्याहून थोडे थोर.
हँडलला गूळ-दाण्यांची पिशवी,
आणि एक नियम: चेन पडली की थांबायचं.
चेन नेमकी चढावर पडायची.
फार उशिरा कळलं मला,
चेन पडत नव्हती.

एकदा जिनिंगच्या भिंतीपाशी, बाराव्या किलोमीटरला,
काहीतरी झालं. पाय माझे राहिले नाहीत.
श्वास आपला आपण येत-जात होता,
धावणारं कोणी नाही, धावणं तेवढं चालू.
भरल्या डोळ्यांनी आप्पांना सांगितलं.
"बेस," म्हणाले. "मंग घाम कोना शे?"
आणि खांद्यावरचा पंचा पुढे केला.
"पुस. ज्याना व्हई त्याना."

जानेवारीत स्पर्धा. पारोळ्याच्या रस्त्याने एकवीस किलोमीटर.
आश्रमशाळेतली पोरं सुटली,
त्यांचे तळवे तेवढे दिसले, धुळीने पांढरे.
सतराव्याला माझ्या पोटरीत गाठ आली.
मागे वळून पाहिलं:
कोणी उरलं नव्हतं, अँब्युलन्सशिवाय.
ती माझ्या चालीने येत होती.
मी थांबले की थांबायची.
मी बघितलं की ड्रायव्हर सोललेलं केळं हातात धरून
आदबीने कापसाच्या शेताकडे बघायचा.

अशा वेळी देव आठवतो म्हणतात.
मला आईची खाट आठवली.
अकरा महिने तिच्या उशाशी बसून होते.
ती गेली, आणि मला उठता येईना,
म्हणून एके दिवशी उठले ती पळतच सुटले.
हे सुपडूला कसं सांगणार, पुलावर, दुधाच्या वेळेला?

तोच समोरून आला, रिकामे कॅन घेऊन.
ब्रेक मारला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे.
"ताई," म्हणाला, "आते तं खरंच मांगे लागनं!"

हसू फुटलं. पोटातून निघालं ते
थेट पोटरीपर्यंत उतरलं.
ड्रायव्हरला केळ्याचा ठसका लागला.
गुडघ्यांवर हात टेकून मी हसत होते,
रडतही असेन,
घामात वेगळं काढता येत नाही ते.

पुढच्या चार किलोमीटरांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
एक पाय पुढे जायचा,
दुसरा त्याला सोडवायला.

पोचले तेव्हा मंडपवाले कमान उतरवत होते.
एका बाजूचा बांबू आप्पांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.
ओरडले, "वाकी ये!"
वाकून आले.

पदकं संपली होती.
आप्पांनी थर्मास उघडला, तीन कप मांडले
सायकलच्या कॅरिअरवर.
तिसरा कोणाचा, मी विचारलं.
"जो मांगे लागना व्हता त्याना,"
म्हणाले, आणि न सांडता
अँब्युलन्सकडे चालू लागले.