दात नेणारा उंदीर

वालपराईसोच्या टेकडीवर, सहाव्या मजल्यावर
मी, दोन मुलं आणि एक जिरं.
कोमीनो म्हणजे जिरं. बोक्याचा रंग पाहून
बाल्तासारनंच नाव ठेवलं, तेव्हा तो तीन वर्षांचा होता
आणि रायेन माझ्या पोटात.

नणंद ओतिलिया म्हणाली, बाळ येतंय,
मांजर देऊन टाक.
मी तिला काहीच दिलं नाही. चहासुद्धा.

कपाटाचा माथा त्याचा.
तिथे कुणाचा हात पोचत नाही, स्टुलाशिवाय माझाही.
खाली रायेन रांगते, शेपूट मुठीत धरते,
मी एकेक बोट सोडवत सांगते:
बाई गं, ही दोरी नव्हे,
हिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी राहतं.

त्याच्या वाटीतले दाणे तिच्या तोंडात,
तिच्या मोज्याचा धागा त्याच्या,
आणि दोन्ही जबड्यांत माझंच बोट.
दोघंही चावतात. राग नसतो त्यात.

सासऱ्यांच्या अंत्यविधीहून आलेल्या लिली
मी घरात आणल्याच नाहीत.
पराग मिशीला लागला तरी पुरे, डॉक्टरीण म्हणाली होती.
शेजारणीच्या दारापाशी ठेवल्या.
तिला ते प्रेम वाटलं. वाटू दे.

स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे.
मुलांच्या खोलीतल्या खिडकीला
वेन्सेस्लाओ सोमवारी बसवणार होता.
तीन सोमवार झाले.
तोवर फटीत झाडूचा दांडा.

गुरुवारी पाव खाताना बाल्तासारचा दात पडला.
आमच्याकडे दात उशीखाली ठेवतात,
रात्री उंदीर येतो, दात नेतो, नाणं ठेवून जातो.
बाल्तासारनं विचारलं, आणि कोमीनो?
उंदीर हुशार असतो, मी म्हणाले.
तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे,
हे मला नंतर कळलं.

रात्री घोट्यांना गार लागलं.
समुद्राचा वारा, घरात.
झाडूचा दांडा जमिनीवर नीट निजवलेला,
खिडकी वीतभर उघडी,
कठड्यावर पावाचा चुरा
आणि चुऱ्याच्या पलीकडे कोमीनो.
मागचे पाय आत. पुढचे
बंदरावरच्या दिव्यांवर.

मी ओरडले नाही.
ओरडलं की मांजर पुढेच उडी घेतं.
उलट्या पावलांनी गेले, खाऊचा डबा घेतला,
झाकण उघडलं, टक्.
एक कान वळला. दुसरा वळायला
किती वेळ लागला, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मग तो माझ्या पायांवरून गेला, भूक लागलेली, इतकंच.
खिडकी लावून मी फरशीवर बसले.

बाल्तासार जागा होता.
उंदराला वाट हवी ना, म्हणाला.
कोमीनोला मी बाथरूममध्ये ठेवलेलं.
पाणी दिलं. माझी उशी पण दिली.

दाराच्या हँडलला लटकून ते उघडायला
बोका केव्हा शिकला, कुणास ठाऊक.
सहा वर्षांच्या पोरानं सगळ्यांचा विचार केला होता,
उंदराचा, बोक्याचा, उशीचा.
फक्त सहा मजले सुटले हिशोबातून.
आणि माझ्या हिशोबातून तीन सोमवार.

सकाळी सातला मी वेन्सेस्लाओच्या दारात,
अंगात झोपेचेच कपडे. जाळी दे, ड्रिल दे,
तू नाही आलास तरी चालेल.

नऊपर्यंत बसली. थोडी वाकडी.
बाल्तासारनं चौकोन तपासले, एकेक करून:
उंदीर जातो, थोडं अंग चोरून.
दात जातो.
नाणं जातं, उभं धरलं तर.
रायेनची दोन बोटं.
कोमीनोचं नाक.

तो अजून तिथेच बसलाय, नाक बाहेर काढून.
आज मासळीची बोट आलीय.