जसं आहे, जिथं आहे

कळंबोलीच्या यार्डात ती उभी होती
अर्धी जळालेली जीप आणि एक टेम्पो यांच्या मध्ये:
पिवळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली,
आणि चालकाच्या बाजूची काच चार बोटं खाली.

लिलावाच्या कागदावर ठळक ओळ एकच,
जसं आहे, जिथं आहे.
बाकी बारीक अक्षरं, म्हणजे पुढचं तुमचं तुम्ही बघा.
तांडेल म्हणाला, साडेसहाच्या वर जायचं नाही.
सहा ऐंशीला सुटली.
तुर्भ्याच्या सिग्नलला पोरांनी फोटो काढले तिचे,
फ्लॅटबेडवरसुद्धा ती पळत असल्यासारखी दिसत होती.

पावण्याला आमच्या गाळ्यात
तिचा गाळ काढायला चार दिवस गेले.
सीटखालून, दाराच्या पोटातून, स्पीकरच्या जाळीमागून,
चहाच्या चमच्याने, जुन्या टूथब्रशने.
तांडेल दिवाळे गावचा, बापाची होडी होती.
चिमूटभर उचलून त्याने हुंगला.
"खाडीचा नाय यो. गोड्या पान्याचा हाय."
हात पँटला पुसला, विषय संपला.

इंजिन मुनाफने उघडलं.
पाणी दाबलं जात नाही, हे त्याने मला असं समजावलं
की पाण्याची बाजू घेतोय वाटावं:
पिस्टन वर आला, ते हटलं नाही,
मधल्यामध्ये दांडा वाकला.
तो दांडा अजून आमच्या खिडकीत आहे,
त्याच्या भोकात उदबत्ती लावतात.

माझं काम तारांचं.
(आडनाव तारमळे. त्यावरचे विनोद सगळ्यांचे करून झालेत.)
हिची सगळी वायर सोडून पसरली
तर घणसोली स्टेशनापर्यंत जाईल असं मी ठोकून देते,
मोजायला कोण बसलंय.
एकेक जोड उघडायचा. तांब्यावर हिरवं चढलेलं,
शेवाळ नव्हे, शेवाळ निदान जगत असतं.
घासायचं, वाळवायचं, मीटर टेकवायचा,
टूं आलं की पुढे.
नाही आलं की तिथेच मांडी घालायची.

सतराव्या दिवशी चालकाचं दार.
मोटर अर्ध्यात थांबलेली.
काचेचं बटण आत रुतून बसलेलं,
कडेचं प्लास्टिक पांढरं पडलेलं,
पुन्हा पुन्हा वाकवल्यावर पडतं तसं.
दाराला बाहेरून एक ओरखडा नाही.
आतलं हँडल उपटून आलेलं.

कोण होतं, ते कागदात नाही.
निघालं असेल दुसऱ्या बाजूने.
निघालंच असेल.
मुनाफला हाक मारली. त्याने वाकून बघितलं
आणि जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.
संध्याकाळी तांडेलने विचारलं, दार झालं का?
म्हटलं, बटण नवीन मागवा.

चार महिने लागले.
पहाटे पाचला पाम बीच रोडवर मीच काढली,
मुनाफ बाजूला, सीटबेल्ट मुठीत धरून.
नेरूळ ते किल्ला, एवढी अलगद
की पोटातलं पाणी हललं नाही.
असं मी मोठ्याने बोलले,
आणि मग दोघंही काचा पूर्ण खाली करून बसलो.

गिऱ्हाईक खारघरचं, काकांचा खडी क्रशर.
पांढरे बूट, अंगठी, बोलायला चांगला.
म्हणाला, खरं सांगा, पाण्यातली आहे?
तांडेलने माझ्याकडे बघितलं. नको असं नव्हे, तू बोल असंही नव्हे.
मी म्हटलं, हो. मानेपर्यंत.
हेडरेस्टवर हात ठेवून दाखवलं कुठपर्यंत.
तो हसला, चाळीस हजार कमी करा म्हणाला,
पस्तीसवर मिटलं.

चालकाच्या दाराच्या कप्प्यात
मी एक छोटी हातोडी ठेवलीये,
केशरी, टोकदार, काच फोडायची.
एकशे नव्वदची. बिलात नाही.
त्याने बघितली असेल, किंवा त्यावर पाण्याची बाटली कोंबली असेल.
तांडेलच्या हिशेबात ते एकशे नव्वद कमी पडतात.
दोनदा बेरीज केली त्याने माझ्यासमोर,
मग वही मिटली.