फडकं, एक

जालन्याच्या कोर्टाला लागून, लिंबाखाली माझं टेबल.
टायपिंग, प्रिंट, एका पानाला चाळीस रुपये.
गयाबाई पडूळ स्टुलावर बसते
आणि आधी पुरतं खोकून घेते.

'काय लिहू?'
'लिहा, मला काढलं.'

काढलं, पण कुणी, कोणत्या पत्रानं?
पत्रच नाही.
वॉचमन म्हणाला, कार्ड लागंना आता तुमचं,
मशीन टूं करतंय.
अकरा वर्षं होती.

बियाण्याची कंपनी. सरकीला लाल औषध चढवायचं,
वाळवायचं, पाकिटं भरायची.
'आमचं बी कुठंबी पेरा, उगवणारच,'
अजून 'आमचं' म्हणते, मान ताठ करून.
ड्रमवरचा पंखा दिवाळीपासून बंद.
दोनदा तोंडी सांगितलं. तिसऱ्यांदा
सात जणींचे अंगठे घेऊन कागद दिला,
त्याच्या नवव्या दिवशी टूं.
सातही जणी आज कामावर आहेत.
'त्याहिची नावं नका टाकू, लेकरंबाळं हायेत.'
मी सात नावं खोडतो. पडदा पांढरा होतो.

फरहत मॅडम पायरीवर उभ्याउभ्याच समजावतात:
आधी कामगार अधिकारी, समेट होतो का बघू.
नाही झाला तर लेबर कोर्ट,
कामावर परत घ्या, मागचा पगार द्या.
छातीचं प्रकरण वेगळं. विम्याचा नंबर आहे का?
ठेकेदारानं पैसे कापले असतील,
भरले नसतील, तर तेही आपल्याच कामाचं.
पण बाई, तीन वर्षांच्या आत, नंतर नाही.

'तीन वर्सं हायेत का मह्याजवळ,'
गयाबाई म्हणते, 'ते डाक्टरला इचारून सांगते.'
मॅडम हसत नाहीत. मी हसलो, चुकून.

पुरावा?
पगार पाकिटात, पाकीट कोरं.
मस्टरवर ठेकेदाराचं नाव, पुढे 'व इतर'.
दवाखान्याच्या चिठ्ठ्या चार.
मग ती पिशवीच्या तळातून
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काही काढते.
तोंडाला बांधायचं फडकं, शेवटच्या दिवसाचं,
जुन्या पातळाचा तुकडा. कडा पांढऱ्या,
मधोमध दोन लाल डाग, शेजारीशेजारी,
नाकपुड्यांएवढे.

'धुवायचं ऱ्हाऊनच गेलं,' म्हणते,
आणि रस्त्याकडे बघते.

मॅडमनी ते चिमटीत धरून पाकिटात सरकवलं.
'यादीत घ्या. निशाणीचा नंबर कोर्ट देईल.'
मी टाइप केलं:
पाच. फडकं, एक.
पुढची जागा रिकामी सोडली.

सहीसाठी तिनं पेन घेतलं. अंगठा नको म्हणाली.
गयाबाई पडूळ, प वरची रेघ जरा लांबली.
नखांच्या कडा अजून गुलाबी होत्या.

दुसरी प्रत निघताना प्रिंटर अडला,
टूं वाजला.
ती पिशवी घेऊन उठूनच उभी राहिली.

'कागद संपलाय,' मी म्हणालो.
'बसा तुम्ही.'