उचंत

पाच वाजून बारा मिनिटांनी
सोसायटीच्या कॉम्प्युटरचा पडदा पांढरा झाला.
खाली ससून डॉकला लिलाव चालूच.
मासळी कोणासाठी थांबत नाही.

चांदिवलीहून रोशन डिमेलो फोनवर, झोपेतला आवाज:
"व्हॉल्यूम गेलाय, वैतीसाहेब.
चारचा स्नॅपशॉट आहे. आणतो परत."

मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
रोज सगळ्याची नक्कल काढता का रे?
तो म्हणाला, नक्कल नाही.
चार वाजता जे आहे त्यावर बोट ठेवायचं.
मग कोणी एखादी ओळ बदलायला आलं
तर आधी जुनी ओळ उचलून बाजूला ठेवायची,
तेव्हाच बदलू द्यायची.
आणि हे सगळं पुन्हा दुसऱ्या गावी नेऊन ठेवायचं,
बुडत्या बोटीतला दोर कामाचा नाही.

मला पटलं होतं.
वडील हीच खतावणी हाताने लिहायचे.
चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

सव्वासहाला पडदा उजळला.
त्यात चार वाजले होते.
'जलदेवी' अजून समुद्रात होती,
आणि तिचा तांडेल माझ्या दारात उभा,
अंगाला डिझेलचा वास, हिशेब मागत.

मधली बहात्तर मिनिटं कुठेच नव्हती.

कोरी वही घेऊन धक्क्यावर उतरलो.
धाकलीबाय केणीने टोपलीवरून मानही वर केली नाही.
"लिव. रावस दोन, बावीसशे.
हलवा एक पाटी, मोठा नव्हता, सोळाशे.
तिच्या पुढं जयवंती बोलली, सतराशे, पण दिला नाय."
जयवंती म्हणाली, साडेसतराशे.
भांडल्या. तेवढ्यात बर्फवाला म्हणाला, साडेसतराशेच.
मी खोडलं. आडवी रेघ, सही.

हिरा भानजी आपण होऊन आली.
"माकुल नेली मी उधारीवर. नऊशेची."
कोणी पाहिलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.
लिहून होईपर्यंत उभी राहिली,
मग वहीत डोकावून आकडा बघितला
आणि गेली.

नऊ वाजता रोकड मोजली.
सहाशे चाळीस जास्त.
पुन्हा मोजली. धक्क्यावर तीनदा ओरडून विचारलं.
जो तो आपल्या कमरेची पिशवी चाचपून
नाही म्हणाला.
रोशन म्हणाला, हे कुठल्याच स्नॅपशॉटात मिळायचं नाही,
पाचच्या आसपास कधीतरी आलं आणि गेलं.

उचंत खात्यात टाकले.
त्याला आता आठ महिने झाले.
रोज पहाटे चारला ते यंत्र
सगळ्या बोटींवर बोट ठेवतं,
हिराच्या फिटलेल्या नऊशेंवर,
आणि त्या सहाशे चाळीसवरही.
नावाचा रकाना मी कोरा ठेवलाय.
पेन्सिलीनेसुद्धा काही लिहिलेलं नाही.