ताई, लाइट चालू आहे

गिरणारेहून निघताना डब्यात सदतीस नळ्या असतात,
रक्ताच्या, बर्फात उभ्या,
प्रत्येकीवर चिकटपट्टी: नाव, वय, उपाशीपोटी.
अशोकस्तंभाजवळची लॅब आठला उघडते.
मी साडेसहाला किल्ली फिरवते
आणि पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो,
गिअरकडे नंतर.

ही सवय खैरनार सरांची.
चार आठवडे, तीन हजार रुपये, एक जुनी मारुती
जिला ब्रेक दोघांचे होते आणि आरसा एकच.
मी विचारलं होतं, सर, लाइट नेमके कधी लावायचे?
लिहून घ्यायला पेनही काढलं होतं.
ते म्हणाले, घड्याळात बघू नका, आभाळातही नको.
समोरच्या गाडीचा रंग सांगा.
राखाडी की निळी, असा प्रश्न पडला
की लावा. प्रश्न पडायच्या आधी लावलात
तर चहा माझ्याकडून.

चहा दोनदाच मिळाला.

धुक्याबद्दल ते आवाज उतरवून बोलायचे,
जणू धुकं मागच्या सीटवर बसलंय.
धुक्यात अप्पर मारू नका.
भिंत दिसेल, चुन्याची, आणि ती तुम्हीच बांधलेली असेल.
डिपरवर या. कडेची पट्टी धरा
जसा अंधारात जिन्याचा कठडा धरतो.
आणि समोरून कोणी आलं तर डिपर द्यायचाच,
त्यानं नाही दिला तरी.
न देणारा घरीही तसाच बोलत असणार,
त्याच्या बायकोला विचारा.

मग डिसेंबरातली ती सकाळ.
धरणावरचं धुकं उठून थेट दुगावच्या रस्त्यावर आलेलं,
माझ्याच बॉनेटचं टोक मला ऐकीव वाटत होतं.
वीसच्या वेगानं, काच खाली, कान बाहेर.
आधी टोमॅटोचा वास आला.
मग एक लालसर ठिपका: दिसला, विझला,
दिसला.
ब्रेक.

ट्रॉली होती, क्रेटांनी भरलेली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
आणि क्रेटांवर उलट्या तोंडानं बसलेला कानटोपीतला पोरगा,
हातात मोबाइलचा टॉर्च.
त्यावर तो मूठ मिटायचा, उघडायचा,
बोटांमधून उजेड लाल होऊन यायचा,
त्याच्या स्वतःच्या रक्तातून गाळलेला.

डब्यातल्या नळ्या एकमेकींवर आपटून गप्प झाल्या होत्या.

मखमलाबादकडे ते वळेपर्यंत मी मागेच राहिले,
चारही इंडिकेटर लावून, माझा उजेड त्याच्या चपलांवर.
थोड्या वेळानं त्यानं मोबाइल खिशात ठेवला,
हात काखेत घातले.
आता ट्रॅक्टरचा मागचा दिवा मी होते.

सर आनंदवल्लीत राहतात.
सकाळी गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात.
मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला तयार नाहीत.
प्रत्येक दिव्याला मिशा फुटतात हो, म्हणतात, मांजरासारख्या.
माझा चेहरा ओळखत नाहीत.

तिथवर येईतो ऊन लख्ख पडलेलं असतं
आणि निम्म्या नाशिकनं मला खुणावलेलं असतं,
दूधवाला, वॉचमन, शाळेच्या रिक्षातली पोरं,
मूठ मिटून उघडून:
ताई, लाइट चालू आहे!
(संध्याकाळी सातला, विझलेल्या गाडीला
ही खूण कोणी करत नाही.)

मला ठाऊक असतं चालू आहे.
गल्लीपाशी मी वेग कमी करते.
खुर्चीतून एक हात वर येतो,
बोटं मिटतात, उघडतात,
आणि मी बटण फिरवते, चुकले सर, अशा घाईनं.

परवा हात वर आला नाही.
मी गाडी उभी केली. नळ्या, बर्फ, आठ वाजत आलेले.
मग भर उन्हात एकदा अप्पर मारला,
सरळ त्यांच्या तोंडावर.

खुर्ची करकरली.
समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नये बाई,
किती वेळा सांगायचं?